पळता न येणाऱ्यांची गोष्ट : समुद्रकाकडी आणि कडुनिंब



मागच्या व्याख्यानात आम्ही उपमान प्रमाणाबद्दल बोललो होतो. नैयायिकांचा तो गवयाचा दृष्टान्त तुमच्या लक्षात असेल. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. रानात राहणारा त्याला सांगतो, 'अरे, गाईसारखाच असतो तो.' पुढे कधीतरी रानात तसा प्राणी समोर येतो आणि याच्या डोक्यात लख्ख होतं की गवय म्हणतात तो हाच. व्याख्यान संपलं, चहा झाला, आणि जाता जाता कोणीतरी आमच्या हातात एक चिठ्ठी दिली. तीत लिहिलं होतं, 'सर, गाय आणि गवय यांची तुलना कोणीही करील. समुद्रकाकडी आणि कडुनिंब यांची करून दाखवा.' खाली सही नव्हती. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असावा, आणि थोडा खट्याळ असावा, असा आमचा अंदाज आहे. तो आज सभागृहात असेल तर त्याने हात वर करू नये. निनावी राहण्यात जी मजा आहे ती जाईल.

घरी जाताना आम्ही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोन गोष्टींची तुलना करायची तर दोघींना मोजणारी एक तिसरी गोष्ट लागते. आंबा आणि पेरू यांची तुलना होते, कारण 'फळ' ही पट्टी आपल्या हातात असते. समुद्रकाकडी आणि कडुनिंब यांच्यासाठी पट्टी कुठली घ्यायची? आजचं व्याख्यान म्हणजे त्या पट्टीचा शोध आहे. आणि तो शोध शेवटी आमच्याच बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. ते ओघात सांगू.

आधी समुद्रकाकडीची ओळख करून घेऊ, कारण सोलापुरात समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे उजनीचं, आणि ते किती दिवसांआड येतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

समुद्रकाकडीच्या जाती पुष्कळ आहेत. आपल्या कोकणात मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी या कुळातले प्राणी दिसतात. आम्ही त्यातली एकच जात घेतो. तिचं शास्त्रीय नाव होलोथुरिया स्काब्रा. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात ती सापडते, अंदमानातही सापडते. तिथले तमिळ कोळी या प्राण्यांना 'कडल अट्टै' म्हणतात, म्हणजे समुद्रातली जळू. आपण काकडी म्हणतो, ते जळू म्हणतात. एकाच प्राण्याला एका भाषेत भाजी केलं आणि दुसऱ्या भाषेत किडा. आजच्या विषयाची निम्मी अडचण या दोन नावांतच आहे.

दिसायला वीतभर ते हातभर लांब, पाठ करडी-काळपट आणि सुरकुतलेली, पोट पांढरट. दिवसाचा बराच वेळ ती वाळूत स्वतःला गाडून घेते, मग बाहेर येऊन वाळू खाते. हो, वाळूच. वाळूच्या कणांना चिकटलेला जो काही सेंद्रिय गाळ असतो तो पोटात ठेवते आणि धुतल्यासारखी वाळू मागे टाकते. शेतकरी मंडळी आज इथे आहेत, त्यांना एका शब्दात सांगायचं तर गांडूळ. समुद्राच्या तळाची नांगरट ही करते.

कुळ मात्र गांडुळाचं नाही. ही तारामाशाची भाऊबंद आहे. तारामाशाचे पाच हात तुम्ही चित्रात पाहिले असतील. तीच पाचाची मांडणी हिच्या अंगात आहे, फक्त ती आडवी झोपलेली आहे. आतून पाहिलं तर लांबीच्या दिशेने स्नायूंचे पाच पट्टे दिसतात. मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि त्यातून निघालेल्या पाच दोऱ्या, एवढाच कारभार. डोळे नाहीत. श्वास घेते तो मागच्या बाजूने, गुदद्वारातून. सभेत सांगायला जरा संकोच होतो, पण सृष्टीला तो नाही. तिथून पाणी आत ओढलं जातं आणि दोन फांद्याफांद्यांच्या नळ्यांत खेळवलं जातं. त्या नळ्यांना प्राणिशास्त्रात काय म्हणतात? श्वसनवृक्ष! आम्ही हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. चिठ्ठीवाल्याला वाटलं होतं की काकडीत झाड सापडणार नाही.

कडुनिंबाची ओळख तुम्हाला करून द्यायची म्हणजे सिद्धेश्वराच्या तळ्याचा पत्ता सोलापूरकराला सांगण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट बोलू. आपल्या गावात या झाडाला तीन भाषांत हाक मारतात. मराठीत लिंब किंवा कडुनिंब, कानडीत बेवु, तेलुगूत वेप. पाडव्याला मराठी घरात कोवळा पाला गूळ-जिरं-हिंगाबरोबर वाटतात. कानडी घरात बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी उगादीच्या पच्चडीत पाल्याऐवजी त्याची फुलं पडतात. बहुतेक मराठी माणसांना कडुनिंबाला फुलं येतात हे ठाऊक असतं, पण त्यांनी ती निरखून पाहिलेली नसतात. चैत्र-वैशाखात संध्याकाळी झाडाखाली उभं राहा. पांढरी, बारीक, तांदळाच्या कण्यांसारखी फुलं, आणि मधाच्या वळणाचा वास. पाला इतका कडू आणि फूल इतकं गोड वासाचं. मग ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकतात. याचं शास्त्रीय नाव अझाडिराक्टा इंडिका. त्यातला पहिला शब्द फारशीतून आला आहे, 'आझाद दरख्त', म्हणजे स्वतंत्र झाड. जागचं हलता येत नाही आणि नाव आझाद!

आता पट्टी शोधू.

पहिली पट्टी आम्ही ॲरिस्टॉटलकडून मागून घेतली. 'प्राण्यांच्या अवयवांविषयी' हा त्याचा ग्रंथ आहे. त्याच्या चौथ्या भागात तो म्हणतो की निसर्ग निर्जीवाकडून प्राण्याकडे सलग सरकत जातो, मध्ये इतकी बारीक पायरी असते की अमुक वनस्पती की प्राणी हे सांगता येऊ नये. याच ठिकाणी तो 'होलोथुरिया' नावाच्या समुद्री जीवांचा उल्लेख करतो. त्यांना संवेदना नाही, ते कुठे चिकटलेले नाहीत, पण जगतात मात्र जमिनीतून सुटी केलेली झाडं जगावीत तसे, असा त्याचा अभिप्राय आहे. आजचं शास्त्रीय नाव तिथूनच घेतलं. त्याच्या मनात नेमका हाच प्राणी होता असं अभ्यासक छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण कल्पना बघा. सव्वादोन हजार वर्षांहून आधी एक माणूस असा जीव शोधत होता, जो उपटलेल्या झाडासारखा आहे. चिठ्ठीवाल्याचा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

दुसरी पट्टी आपल्या गावातच मिळाली. सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघ आहे आणि त्याची जीवराज जैन ग्रंथमाला आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला हे नाव देशाबाहेरही माहीत असतं. 'तिलोयपण्णत्ति' हा प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित करून १९४३ मध्ये याच मालेत आणायला सुरुवात केली. हातमागाच्या खटखटीत हे काम या गावात झालं, याचा आम्हाला थोडा गर्व आहे, तो तुम्ही सहन करावा.

जैन दर्शनात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवर केली जाते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. वनस्पती एकेंद्रिय, तिला फक्त स्पर्श. कृमी, शंख, जळू ही द्वींद्रिय, त्यांना स्पर्श आणि रस म्हणजे चव. मुंगी त्रींद्रिय, भुंगा चतुरिंद्रिय, आणि माणूस पंचेंद्रिय. त्याबरोबर 'प्राण' मोजतात. एकेंद्रियाला चार : स्पर्श, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. द्वींद्रियाला सहा, कारण त्याला चव मिळते आणि वचनबल मिळतं. जळूला वाणी आहे असं मानणारं दर्शन आम्हाला फार उदार वाटतं. या हिशेबात कडुनिंब चार प्राणांचा आणि समुद्रकाकडी, तिला जळूच्या रांगेत बसवलं तर, सहा प्राणांची. दोघींना जोडणारी एक शिडी इथे आहे, आणि त्या शिडीवर त्या शेजारशेजारच्या पायऱ्यांवर बसतात. हे सगळं कशासाठी? वर्गवारीच्या हौसेसाठी नव्हे. कोणाला इजा केली तर किती दोष, हे ठरवण्यासाठी. तिथे तुलना हा नीतीचा प्रश्न आहे.

पण या पट्टीत एक अडचण आहे, आणि ती आधुनिक जीवशास्त्रातून येते. वंशावळ काढली तर समुद्रकाकडी ही मुंगी आणि भुंग्यापेक्षा आपल्याला जवळची आहे. कंटकचर्मी प्राणी आणि पाठीचा कणा असलेले प्राणी एकाच मोठ्या शाखेवर येतात. गर्भात पहिलं जे छिद्र पडतं त्याचं पुढे गुदद्वार होतं, तोंड नंतर फुटतं, हे त्या शाखेचं मूळ लक्षण. म्हणजे तीन इंद्रियांची मुंगी दूरची आणि दोन इंद्रियांची काकडी जवळची चुलत. कडुनिंब तर या सगळ्यांपासून शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झालेला. इंद्रियांची पट्टी एक सांगते, रक्ताची पट्टी दुसरंच सांगते. दोन्ही खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मग आम्ही दोन्ही बाजूला ठेवल्या आणि एक साधा प्रश्न विचारला. या दोघांसमोर अडचण कोणती आहे?

शत्रू आला तर हरीण पळतं. साप बिळात जातो. माणूस पळतो, नाहीतर अर्ज करतो. कडुनिंबाला पळता येत नाही. समुद्रकाकडी सरकते, पण ते सरकणं असं की माशाच्या दृष्टीने ती जागेवरच आहे. पळता न येणाऱ्याने जगायचं कसं? ही आमची पट्टी. आणि ती लावली की दोघं एकमेकांसमोर आरशासारखी उभी राहतात, बरं का.

पहिलं म्हणजे, दोघांचा प्रवास बालपणातच उरकून जातो. काकडीची मादी पाण्यात लाखोंनी अंडी सोडते. त्यातून निघालेली काचेसारखी पारदर्शक पिल्लं साधारण दोन आठवडे पाण्याबरोबर वाहत जातात आणि मग एका जागी बसतात. कुठे बसतात? सागरी गवताच्या पात्यावर. हे गवत म्हणजे शेवाळ नाही बरं, ती खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे, पाण्याखाली फुलणारी. म्हणजे काकडीचं बाळपण फुलझाडाच्या कडेवर जातं. कडुनिंबाचंही तसंच. निंबोळी बुलबुल, साळुंकी, कावळा, वटवाघूळ खातात, आठोळी दूर कुठेतरी टाकतात. कुंपणाच्या कडेला, विजेच्या तारेखाली जे कडुनिंब आपोआप उगवलेले दिसतात ते पाखरांनी पेरलेले. झाडाचं बाळ प्राण्याच्या पोटात आणि प्राण्याचं बाळ झाडाच्या पानावर. त्यानंतर एक जमिनीशी आणि दुसरी वाळूशी बांधली गेली ती कायमची.

दुसरी गोष्ट रसायनाची, आणि ही आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. पळता येत नसेल तर तोंडी लागू नये इतकं कडू व्हावं. कडुनिंबाच्या बियांत अझाडिराक्टिन नावाचं द्रव्य असतं. टोळासारख्या किडीने ते चाखलं की ती खाणंच सोडते, आणि पोटात गेलं तर तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारून टोळांना दूर ठेवता येतं हे दाखवलं. आपले शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क करतात, म्हणजे पाच किलो निंबोळीची भरड आणि शंभर लिटर पाणी, तोच हा धागा. १९६८ मध्ये हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधायला रसायनशास्त्रज्ञांना २००७ साल उजाडावं लागलं.

समुद्रकाकडीच्या कातडीत काय असतं? सॅपोनिन. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांना हा शब्द माहीत नव्हता, पण वस्तू माहीत होती. रिठा आणि शिकेकाई पाण्यात घुसळली की जो फेस येतो तो सॅपोनिनचा. ही वनस्पतींची मक्तेदारी. प्राण्यांत ती फार थोड्यांनी मिळवली, त्यात समुद्रकाकडी आणि तारामासा. माशाच्या कल्ल्यांना हे द्रव्य घातक असतं. रिठ्याच्या पाण्याने डोहातले मासे गुंगवण्याची जुनी रीत आहे, आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक डबक्यातले मासे पकडायला समुद्रकाकडी चेचून वापरत. इकडे झाड, तिकडे प्राणी, आणि उपयोग तोच.

याच्याही खाली जाऊ. काकडीचं सॅपोनिन आणि निंबाचं अझाडिराक्टिन ही दोन्ही ट्रायटर्पीन कुळातली. स्क्वालीन नावाची तीस कार्बनची एक लांब साखळी असते. तिला दुमडून, गाठी मारून, दोघेही आपापलं विष करतात. कडुनिंब त्यातले चार कार्बन वाटेत गाळून टाकतो, काकडी त्याला साखरेच्या झुपक्याची शेपटी लावते. सूत एकच, वीण वेगळी. सोलापूरच्या माणसाला हे अधिक उलगडून सांगायला नको. आणि गंमत अशी की आपल्या शरीरात जे कोलेस्टेरॉल तयार होतं, ज्याच्या आकड्यावरून डॉक्टर आम्हाला दर तीन महिन्यांनी रागावतात, तेही त्याच स्क्वालीनपासून. आपण त्या सुताचं विष केलं नाही. आपल्याला पाय होते.

तिसरं, गमावणं आणि पुन्हा मिळवणं. समुद्रकाकडीला फार छळलं की ती आपली आतडी बाहेर फेकते. शत्रू ती खात बसतो, ही वाळूत शिरते, आणि काही आठवड्यांत नवी आतडी तयार करते. कडुनिंब बुंध्यापाशी छाटला तरी त्याला खालून धुमारे फुटतात. आपलं असं होत नाही. आमच्या एका गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याला धुमारा फुटला नाही.

इथपर्यंत साम्य झालं. पण प्रामाणिक तुलना साम्यावर थांबत नाही. फरक साधे नाहीत. कडुनिंब उजेड खातो, काकडी गाळ खाते. काकडीला आत आणि बाहेर आहे, ती एक आहे. कडुनिंबाची फांदी मोडली तर झाड किती मोडलं, हे सांगता येत नाही. काकडीला टोचलं तर ती आकसते, अंग घट्ट करते, तिच्या कातडीखालचा तंतूंचा थर काही क्षणांत मऊचा कडक होतो. कडुनिंबाला टोचलं तर आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही. आचार्य जगदीशचंद्र बोसांनी आयुष्य वेचून झाडाचा प्रतिसाद यंत्राने मोठा करून दाखवला, तोही यासाठीच की आपला डोळा आळशी आहे. शांतिपर्वातल्या भृगू-भरद्वाज संवादात हेच दुसऱ्या वाटेने केलेलं आहे. झाड उन्हाने कोमेजतं म्हणून त्याला स्पर्श आहे, गडगडाटाने फळं गळतात म्हणून श्रवण आहे, वेल वळून आधार शोधते म्हणून दृष्टी आहे, असा युक्तिवाद तिथे येतो.

आणि आता मरणाचा प्रश्न. सातव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती आपल्या न्यायबिंदू ग्रंथात, चुकीच्या हेतूची उदाहरणं देताना, जैनांचं एक अनुमान घेतो. झाडं सचेतन आहेत. का? तर सगळी साल काढली की ती मरतात म्हणून. धर्मकीर्ती म्हणतो, हा हेतू आम्हाला मान्य नाही. मरण म्हणजे विज्ञान, इंद्रियं आणि आयुष्य यांचा निरोध. तो झाडात होतो हे तुम्ही आधी दाखवा. झाड वाळतं एवढं दिसतं, मरतं हे तुम्ही धरून चाललात. तर्क म्हणून हे उत्तर बिनतोड आहे. वर्गात आम्ही तीस वर्षं ते उदाहरण शिकवलं. मुलं लिहून घेत. आम्हीही फळा पुसून घरी येत असू.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबाची साल कोणीतरी काढली. बुंध्याभोवती, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, वीतभर रुंद कडं, अगदी नीटनेटकं. कोणी केलं ते माहीत नाही, आणि आम्हाला ते शोधायचंही नाही. कशासाठी करतात ते मात्र सगळ्यांना माहीत आहे. हिरवं झाड तोडायला परवानगी मिळत नाही, वाळलेलं धोकादायक म्हणून मिळते. सकाळी फिरायला निघालो आणि ते पांढरं कडं दिसलं. पहिला विचार मनात आला तो धर्मकीर्तीचा, हे सांगायला लाज वाटते. तीस वर्षं शिकवलेलं उदाहरण रस्त्यावर उभं होतं.

झाड लगेच मरत नाही. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. पाणी मात्र लाकडातून वर चढतं. कडं काढलं की पाणी चढत राहतं, पाला हिरवाच राहतो, आणि खाली मुळं उपाशी पडत जातात. आठवडे, कधी महिने. म्हणजे तो चैत्रात फुललाही. लोक खालून जाताना म्हणायचे, बघा, काही झालं नाही त्याला.

समुद्रकाकडीचंही मरण सांगतो, कारण तिथेही हेच आहे. चीनच्या आणि आग्नेय आशियाच्या बाजारात वाळवलेल्या समुद्रकाकडीला मोठी किंमत आहे. तिचं पोट चिरून आतडी काढतात, उकळतात, वाळवतात. तिची आतडी तिने स्वतः फेकली तर ती पुन्हा उगवतात. आपण काढली तर उकळतं पाणी पुढे असतं. तिचा बचाव माशासाठी घडला आहे, माणसासाठी नाही. कडुनिंबाचा कडवटपणा टोळाला अडवतो, कोयत्याला अडवत नाही.

कायदा काय म्हणतो? १९८२ मध्ये केंद्र सरकारने तीन इंचांहून लहान समुद्रकाकडीवर बंदी घातली. ती पुरली नाही, म्हणून २००१ मध्ये समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या. पहिलं परिशिष्ट म्हणजे काय हे सोलापूरकराला नान्नजमुळे कळतं. आपला माळढोक त्याच यादीत. वाघही त्यातच. मेंदू नसलेली, डोळे नसलेली काकडी वाघाच्या पंगतीला बसली. २०२० मध्ये लक्षद्वीपमध्ये समुद्रकाकडीसाठी खास राखीव क्षेत्र जाहीर झालं. हे सगळं ऐकून आम्हाला आनंद झाला. पण रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या ज्या कोळी कुटुंबांचं पोट या प्राण्यावर होतं त्यांचा हिशेब वेगळा आहे. बंदी आली आणि दुसरं काम आलं नाही. जाळ्यात चुकून आलेली काकडीही गुन्हा ठरते. तुतिकोरिनला शास्त्रज्ञांनी १९८८ मध्येच या जातीची पिल्लं हॅचरीत तयार केली होती. वाढवून समुद्रात सोडावीत, काही शेतीसारखी करावीत, असा मार्ग त्यामुळे दिसत होता. आमचं मत विचाराल तर नुसती बंदी हे आळशी संरक्षण आहे. माळढोकाच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांनी जे भोगलं ते तिथल्या कोळ्यांनी भोगलं.

आणि कडुनिंब? तो सगळीकडे आहे, म्हणून तो कोणत्याच यादीत नाही. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं. त्या कायद्यात झाड 'तोडणं' या शब्दाच्या अर्थात जाळणं आणि कोणत्याही रीतीने इजा करणंही धरलं आहे. म्हणजे साल काढणं हे कायद्याने तोडणंच. जैन तर्कपंडिताचा हेतू आपल्या विधिमंडळाने मान्य केला, धर्मकीर्तीचा फेटाळला! हे आम्ही विनोदाने म्हणतो, पण पूर्ण विनोद नाही. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांना त्या झाडाखाली एक भाजीवाली आणि दोन रिक्षावाले बसतात. त्यांना झाडाच्या विज्ञानाचा निरोध झाला की नाही याची पर्वा नाही. त्यांना सावली जाणार आहे हे कळतं.

शेवटी एक प्रश्न आलेला आहे, तो घेऊ. एक ताई विचारतात, 'सर, दोघांपैकी कोणाला जास्त दुखतं?' ताई, आम्ही या प्रश्नाला दोन आठवडे भीत होतो. काकडीच्या मज्जातंतूंच्या कड्यात वेदनेसारखं काही असणं संभवतं, झाडात तसं मानायला आम्हाला पुरेसा आधार दिसत नाही. म्हणून काकडीला चिरण्याचा दोष आम्ही अधिक धरू. इथपर्यंत जैन शिडी आम्हाला मान्य आहे. पण साल काढण्याचा दोष झाडाला दुखतं की नाही यावर थांबत नाही. धर्मकीर्तीचं उत्तर बरोबर असलं तरी त्या बोळात जे झालं ते बरोबर ठरत नाही. त्याचा तो प्रश्नच नव्हता, आणि आम्ही तीस वर्षं तो त्याच्या गळ्यात घालत आलो.

दुसरा प्रश्न, झाडाचं पुढे काय झालं? आम्ही चौघांनी अर्ज दिला. एका निवृत्त कृषी सहायकांनी सुचवलं म्हणून त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्यांचे तुकडे कड्यावर पुलासारखे बसवून पाहिले, वरची साल खालच्या सालीला जोडायला. सातांपैकी दोन धरलेत असं वाटतं. कड्याच्या खालून मात्र भरपूर धुमारे आले आहेत, तांबूस कोवळे. शेळ्या ते खातात, म्हणून भाजीवालीने त्याभोवती पोतं गुंडाळलं आहे. निंबोळ्या यंदा पडल्या त्या आम्ही गोळा केल्या आहेत. निंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद जाते, तेव्हा घरी नेऊन डब्यात ठेवू नका. बाहेर टेबलावर टोपलीत आहेत. चिठ्ठीवाल्यानेही न्याव्यात.